पराक्रमाचा कस

इंदूरच्या राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या सराफ्याचा परिचय आमच्या वाचकांस नव्याने करून द्यावयास नको. जे इंदुरात राहतात ते तेथे नित्य जातात. आणि जे भोपाळ, ग्वाल्हेर, जबलपूर वा बडोदे येथे स्थायिक झाले आहेत, ते इंदुरास आले की त्यांच्या पाहुणचाराचा शेवटचा अंक तेथेच पार पडतो. दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या उघड्या असतात. रात्री आठ-नऊच्या सुमारास त्यांची दारे लागली की त्याच ओट्यांपुढे भट्ट्या पेटतात, आणि भुट्ट्याचा कीस, गराडू, मावाबाटी, दहीवडे यांचा बाजार मध्यरात्र उलटेपर्यंत गजबजलेला असतो. ही रात्रीची वर्दळ म्हणजे पेढ्यांना फुकटचा पहाराच, म्हणून सराफांनी तिला उत्तेजन दिले, असे जुने लोक सांगतात. आज आम्हांस मात्र खाण्याविषयी लिहावयाचे नाही. दिवसाच्या सराफ्यातील एका लहानशा वस्तूपासून प्रारंभ करावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे कसोटीचा दगड.

काळाभोर, गुळगुळीत, मुठीत मावेल एवढा हा दगड. त्यावर दागिना हलकेच घासला की पिवळी रेघ उमटते. ज्याचा कस ठाऊक आहे अशा सोन्याची दुसरी रेघ तिच्या शेजारी ओढावयाची, दोहोंवर तेजाब फिरवावयाचे, आणि कोणती रेघ कितपत टिकते ते पाहावयाचे. आता पारखण्याची यंत्रे आली, २०२१ पासून हॉलमार्कचा शिक्काही सक्तीचा झाला. तरी या जुन्या रीतीमागील शहाणपण कमी झालेले नाही. ज्या धातूची पारख करावयाची, त्याच धातूची रेघ शेजारी हवी. चांदीची पारख सोन्याच्या रेघेशी ताडून कोणी करीत नाही.

सराफाला जे कळते ते आपणा आईबापांच्या ध्यानात सहसा येत नाही. आपल्या वयात येणाऱ्या मुलामुलींचे शौर्य पारखताना आपण शेजारी एकच रेघ ओढून ठेवलेली असते, आणि ती तलवारीची असते. गणेशोत्सवातील मुलांचे कार्यक्रम आठवावेत. एक शिवाजी, एक बाजीप्रभू, एक झाशीची राणी यांवाचून आपला मांडव सुना वाटतो. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्या घरांना हा वारसा अधिकच प्रिय असावा हे स्वाभाविक आहे, आणि त्यात गैर काहीच नाही. पण तोच शिवाजी अठरा वर्षांचा झाला की आपली त्याच्याकडून अपेक्षा काय असते? त्याने चांगले गुण मिळवावेत, आणि कोणाच्या अध्यातमध्यात पडू नये. पराक्रम तेवढा गोष्टीपुरता, आणि वर्तन मात्र सावधगिरीचे. या दोन शिकवणींच्या मधल्या जागेत ते पोर एकटे उभे राहते. कारण त्याच्यावर प्रत्यक्षात जे प्रसंग ओढवतात ते ना तलवारीचे असतात, ना गुणपत्रिकेचे. त्या प्रसंगांची थोडी ओळख करून घ्यावी, एवढाच आजच्या लेखाचा हेतू आहे.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. ज्या मराठी घरात ती नाही, असे घर आम्ही तरी फारसे पाहिलेले नाही. त्या पुस्तकातील दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. एका प्रसंगी श्याम विहिरीत पोहावयास जाण्यास भितो, घरात लपून बसतो, आणि एरवी मायेने ओथंबलेली त्याची आई त्याला मारून बाहेर काढते. दुसऱ्या प्रसंगी आई आजाराने अशक्त झालेली आहे, तिच्या वटसावित्रीच्या प्रदक्षिणा अपुऱ्या राहणार आहेत, आणि त्या आपल्या वतीने श्यामने घालाव्यात असे ती त्याला सांगते. येथेही श्याम कचरतो. मात्र या वेळी भय पाण्याचे नाही. वडाभोवती जमलेल्या बायकांत एक मुलगा फिरताना पाहून लोक हसतील, याचे ते भय आहे.

आमच्या मते या दोन भयांची जात वेगळी आहे, आणि म्हणून त्यांवर मात करणाऱ्या शौर्याचीही जात वेगळी आहे. पहिले भय देहाचे. ते एकदा पाण्यात उडी घातली की बव्हंशी सरते. शिवाय उडी घालणाऱ्याला पाहण्यास काठावर मंडळी उभी असतात आणि ती शाबासकीही देतात. दुसरे भय लोकांचे. तेथे काठावरची मंडळी शाबासकी देण्यासाठी नव्हे तर हसण्यासाठी उभी असतात, निदान तसे वाटते तरी. जो मुलगा विहिरीत बेधडक सूर मारतो तोच वडाच्या पारापाशी पाय मागे घेतो, यात विसंगती मुळीच नाही. दोन्ही ठिकाणी लागणारे धैर्य एकच नव्हे, इतकाच त्याचा अर्थ. शहाण्या आईला हे ठाऊक होते. म्हणून एका ठिकाणी तिने छडी उचलली, तर दुसऱ्या ठिकाणी समजूत घातली.

गेल्या हिवाळ्यात सराफ्यात एका गराडूच्या कढईपाशी आम्ही उभे होतो. तळणारा मुलगा सतरा-अठरा वर्षांचा असेल. वडील मागे खुर्चीत बसून एका हाताने द्रोणांत मसाला भुरभुरवीत होते. दुसरा हात मांडीवर निश्चल होता. इतक्यात गर्दीतून चार-पाच मुले आली. कॉलेजातील सोबती असावेत. कपडे झकपक, हातांत मोबाइल. त्यांचे अजून याच्याकडे लक्ष नव्हते. याने त्यांना पाहिले, आणि हातातील झारा क्षणभर कढईवरच थांबला. मान खाली घातली असती तर ती मंडळी पुढे निघून गेली असती. पण त्यानेच हाक दिली, "आओ भिया, गरम है!" मुले थबकली, एकमेकांकडे पाहू लागली, मग हसत पुढे आली. त्याने पाच द्रोण भरून दिले, आणि पैसे पुरेपूर मोजून घेतले. मागे बसलेल्या वडिलांनी मात्र तेवढा वेळ मान वर केली नाही. सारे दोन मिनिटांत आटोपले, आणि कोणीही टाळी वाजविली नाही. परंतु वडाच्या प्रदक्षिणेचे जे शौर्य, ते आम्ही त्या रात्री झारा हातात धरलेले पाहिले.

याच गावच्या आणखी एका तरुणाची कथा येथे सांगितली पाहिजे. सय्यद मुश्ताक अली यांचा जन्म इंदूरचा, १९१४ सालचा. सी. के. नायडू यांनी त्यांचे गुण ते तेरा वर्षांचे असतानाच हेरले. १९३६ साली भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला तेव्हा मुश्ताक एकवीस वर्षांचे होते. मँचेस्टरच्या कसोटीत इंग्लंडने ८ बाद ५७१ धावांचा डोंगर रचला होता, आणि आपला पहिला डाव २०३ धावांत आटोपला होता. दुसऱ्या डावाचा प्रारंभ करण्यास मुश्ताक आणि विजय मर्चंट उतरले. त्या दोघांनी पहिल्या जोडीसाठी २०३ धावा केल्या. मुश्ताकांनी ११२ काढल्या, मर्चंटांनी ११४. परदेशी भूमीवर कसोटीत शतक काढणारे मुश्ताक हे पहिले भारतीय. सामना अनिर्णित राहिला. इतकी हकीकत इंदूरच्या जुन्या क्रिकेटप्रेमींस तोंडपाठ असते.

पण त्याच डावाची दुसरीही एक हकीकत क्रिकेटच्या इतिहासकारांनी नोंदवून ठेवलेली आहे. त्या संघाचे कर्णधार विजयनगरमचे महाराजकुमार होते. त्यांची निवड खेळापेक्षा धन आणि वजन यांच्या बळावर झाली होती, आणि मर्चंटांशी त्यांचे सख्य नव्हते. त्यांनी मुश्ताकांना सुचविले की, मर्चंटांना धावबाद करवावे. एकवीस वर्षांच्या, फारसा आधार नसलेल्या एका तरुणाला प्रत्यक्ष कर्णधाराकडून आलेली ही सूचना होती. त्याच दौऱ्यावरून लाला अमरनाथ यांच्यासारख्या खेळाडूची मायदेशी रवानगी झालेली होती. तेव्हा कर्णधाराची अवकृपा म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको होते. मुश्ताकांनी काय केले? खेळपट्टीवर जाऊन ती गोष्ट स्वतः मर्चंटांच्याच कानांवर घातली. आणि मग दोघे मिळून खेळू लागले.

वेगवान गोलंदाजाच्या चेंडूला पुढे सरसावून सामोरे जाणे हा पराक्रम खराच. त्याची नोंद धावफलकावर होते, आणि ती आजही पाहावयास मिळते. परंतु वरिष्ठाने सांगितलेली वाईट गोष्ट न करणे, आणि ज्याचे अहित होणार त्याला ती निर्भयपणे सांगणे, याला धावफलकात रकाना नाही. एकाच दिवशी, एकाच डावात, एकाच तरुणाने दोन प्रकारचे शौर्य गाजविले. त्यांपैकी मोठे कोणते, याचा निर्णय आम्ही वाचकांवर सोपवितो.

हे दुसरे शौर्य आपल्या घरांत आपणांस दिसते काय? थोडे स्पष्ट लिहितो, वाचकांनी क्षमा करावी. शेजारच्या बाकावरील मुलाला सारे मिळून छळत असताना जो त्या हसण्यात सामील होत नाही, तो घरी येऊन ते सांगतोच असे नाही. घरी येणाऱ्या-जाणाऱ्या, मान्यतेच्या एखाद्या गृहस्थाचे वागणे बरे नाही, हे जी मुलगी आईला एकांतात येऊन सांगते, तिने मँचेस्टरच्या खेळपट्टीवरील धैर्याहून कमी धैर्य दाखविलेले नसते. अशा वेळी आपण म्हणतो, "उगीच काहीतरी बोलू नकोस, ते किती मोठे आहेत!" म्हणजे बावनकशी सोने आपल्या ओट्यावर चालत आले, आणि आपण ते पितळ म्हणून परत पाठविले. एकदा असे परत गेलेले सोने पुन्हा आपल्या पेढीवर येत नाही.

आता तिसऱ्या प्रकाराकडे वळू. तो म्हणजे भार वाहण्याचा. लता मंगेशकर यांचा जन्म इंदूरचाच, २८ सप्टेंबर १९२९ चा. एप्रिल १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ पुण्यास निवर्तले, तेव्हा पाच भावंडांत थोरली असलेली ही मुलगी बारा वर्षांची होती. त्याच वर्षी आलेल्या 'पहिली मंगळागौर' या चित्रपटात तिने लहानशी भूमिका केली. मास्टर विनायकांच्या आधाराने पुढील काही वर्षे ती चित्रपटांत कामे करीत राहिली. अभिनयाची आवड तिला नव्हती. घर चालवावयाचे होते. पुढची कीर्ती साऱ्या जगाला ठाऊक आहे. आम्हांस सांगावयाचे आहे ते कीर्तीच्या आधीचे. रोज सकाळी उठून, मनाला न रुचणारे काम, धाकट्या भावंडांच्या ताटाकडे पाहून करीत राहणे, हे एका क्षणाचे शौर्य नव्हे. ते रोज नव्याने करावे लागते, आणि त्याला शेवट केव्हा आहे हे करणाऱ्यास ठाऊक नसते.

तथापि या तिसऱ्या प्रकाराविषयी लिहिताना आमची लेखणी थोडी अडखळते. बारा वर्षांच्या मुलीने घर सावरले, याचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण त्या अभिमानासोबत एक उसासाही निघाला पाहिजे. मृत्यूने जे ओझे टाकले त्याला कोणाचाच इलाज नसतो. मात्र पुष्कळदा मुलांच्या खांद्यांवर येणारे ओझे मृत्यूने नव्हे, वडीलधाऱ्यांनीच टाकलेले असते. आईबापांच्या भांडणात मध्यस्थी करणारी दहा वर्षांची मुलगी, बापाचे व्यसन शेजाऱ्यांपासून लपविणारा मुलगा, धाकट्यांच्या शिक्षणासाठी आपली शाळा सोडणारी थोरली बहीण, या सर्वांना आपण 'किती समंजस!' असे म्हणून पाठ थोपटतो आणि मोकळे होतो. पाठ थोपटण्यापूर्वी तिच्यावरील ओझे कोणाचे आहे, हे पाहण्याची तसदी घेत नाही.

होळकरांच्या इतिहासातच याचे एक मोठे उदाहरण आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपुरास इंग्रजांशी लढाई झाली, तेव्हा होळकरांच्या गादीचे धनी तिसरे मल्हारराव अवघे अकरा वर्षांचे होते. आदल्याच दिवशी, त्यांच्या नावाने कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना त्यांच्याच छावणीतील लोकांनी ठार केले होते. सरदारांत एकमत नव्हते. मोठ्यांचे कलह, मोठ्यांचे लोभ आणि मोठ्यांची फितुरी यांचा सारा हिशेब अकरा वर्षांच्या मुलाच्या नावावर मांडला गेला. लढाई हरली. त्या बालकाला वीर म्हणावयाचे की बिचारा म्हणावयाचे, हा प्रश्न आम्हांस निरर्थक वाटतो; विचारावयाचा प्रश्न त्याच्या भोवतीच्या प्रौढांविषयी आहे. म्हणून आमची सूचना इतकीच की, आपल्या मुलाचे असामान्य शौर्य दृष्टीस पडले की आधी त्याचे कौतुक करावे, आणि लगेच स्वतःला विचारावे की, या शौर्याची गरज त्याला का पडली?

महिदपूरचा उल्लेख आलाच आहे, तर तेथूनच चौथ्या प्रकाराकडे जाता येते. हा प्रकार म्हणजे हार कबूल करण्याचे शौर्य. लढाईनंतर पंधरा-सोळा दिवसांत, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. पुष्कळ मुलूख गेला, स्वातंत्र्य गेले. याच साली होळकरांची राजधानी इंदुरास आली. कारभारी तात्या जोग, म्हणजेच विठ्ठल महादेव किबे, यांनी मोडलेल्या राज्याची घडी पुन्हा बसविण्याचे काम हाती घेतले. आज ज्या इंदूरचा आपणांस अभिमान आहे, ज्या राजवाड्याच्या आणि सराफ्याच्या वैभवाच्या कथा आपण पाहुण्यांस सांगतो, ते राजधानीचे शहर एका पराभवानंतर उभे राहिले आहे. माळव्यात स्थायिक झालेल्या आपल्या कितीतरी घराण्यांनी त्यानंतरच तलवार खुंटीला टांगून लेखणी, हिशेब आणि अध्यापन यांकडे वळावयाचे ठरविले असेल. परंतु घराण्याचा इतिहास मुलांना सांगताना आपण तलवारीपाशी थांबतो. ती खुंटीला टांगली त्या दिवसाची गोष्ट कोणी सांगत नाही.

ही गोष्ट सांगण्याची आज विशेष निकड आहे. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी गावोगावची हजारो मुलेमुली इंदुरास येऊन राहतात. भंवरकुव्याच्या बाजूला त्यांच्या खोल्या, त्यांचे वर्ग. रात्री हीच मुले सराफ्यात घोळक्याने दिसतात. हसतात, एका द्रोणात तिघे खातात. त्यांतील एखाद्याने दोन वेळा परीक्षा दिलेली असते, दोन्ही वेळा नाव यादीत आलेले नसते, आणि घरच्या फोनला तो रोज "सर्व ठीक आहे" असे उत्तर देत असतो. "बाबा, मला हे जमत नाही, मी परत येतो," हे एक वाक्य उच्चारण्यास जे धैर्य लागते त्याचा कस आपण कधी लावून पाहिलेला नाही. ते वाक्य ज्यांना उच्चारता आले नाही अशा मुलांच्या बातम्या अधूनमधून वर्तमानपत्रांत येतात, आणि आपण हळहळून पान उलटतो. असे वाक्य बोलण्याची सोय घरात आधीपासून करून ठेवावी लागते. ती आयत्या वेळी होत नाही. ज्या घरात वडिलांनी आपण कोठे हरलो, कोणती नोकरी सुटली, कोणता व्यवहार बुडाला आणि त्यानंतर पुन्हा उभे कसे राहिलो, हे जेवताना सहज सांगितलेले असते, त्या घरच्या मुलाला परतीची वाट माहीत असते.

सराफ्यात आणखी एक व्यवसाय चालत आलेला आहे. सोनारांच्या दुकानांतील केर, राख आणि माती गोळा करून, ती धुऊन, त्यांतील सोन्याचे कण वेचणारे लोक. मराठीत त्यांना झारेकरी म्हणतात. इकडे माळव्यात न्यारिया म्हणतात. दिसावयास हे काम हलके. पण त्याला डोळे फार तीक्ष्ण लागतात, आणि धीरही लागतो. वयात येणाऱ्या मुलांच्या आईबापांना सराफाच्या विद्येबरोबर ही विद्याही थोडी शिकावी लागेल, असे आम्हांस वाटते. कारण तलवारीचे शौर्य ताटात मांडून समोर येते. उरलेले तिन्ही प्रकार दिवसाच्या केरकचऱ्यात मिसळलेले असतात. संध्याकाळी मुलगा उशिरा का आला, मुलगी अमक्यांच्या घरी जावयास का नको म्हणते, थोरला हल्ली फोनवर दोनच शब्द का बोलतो, या साध्या धुळीतच ते कण असतात. ती धूळ झटकून टाकण्यापूर्वी एकदा पाण्यात घालून पाहावी.

येत्या गणेशोत्सवात बाजीप्रभू आणि झाशीची राणी यांना आपण रंगमंचावर अवश्य उभे करावे. परंतु त्याच आठवड्यात एखाद्या रात्री, जेवणे आटोपल्यावर, मुलांना जवळ बसवून इतकेच विचारावे की, या वर्षात तुला सर्वांत अवघड काय गेले? आणि मग, त्यांना कितीही वेळ लागो, मध्ये न बोलता ऐकावे.